स्फोट, तावदान आणि संरक्षक फिल्म

(भालकी, जिल्हा बीदर येथे शिक्षक, रुग्णालयीन कर्मचारी व ग्रामपंचायत सेवक यांच्यापुढे प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय खिडकीची काच हा आहे हे ऐकून आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. मी कला शाखेचा पदवीधर आहे, अभियंता नव्हे. तेव्हा तज्ज्ञांनी सांगितलेले आणि जगात ठिकठिकाणी अनुभवास आलेले जे आहे, ते आपल्या व्यवहाराच्या भाषेत मांडणे एवढेच माझे काम. स्फोट म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे आग, धूर आणि कोसळलेल्या भिंती येतात. परंतु स्फोटाच्या जागेपासून दूर, जेथे भिंत उभी राहते, छप्पर शाबूत राहते, तेथेही माणसे रक्तबंबाळ होतात, आणि तेथे अपाय करते ती बहुधा खिडकीची काच. या एका गोष्टीकडे आपले लक्ष वेधावे म्हणून मी येथे आलो आहे.

बीदरला स्फोटाचा इतिहास नवा नाही. सतराव्या शतकाच्या मध्यास औरंगजेबाने बीदरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा किल्ल्यातील दारूगोळ्याच्या साठ्यास आग लागून मोठा स्फोट झाला आणि किल्लेदार सिद्दी मर्जान त्यात प्राणांतिक भाजला. पुढे त्याच शतकाच्या अखेरीस, मोगल अमदानीत, दुसरा स्फोट झाला. त्याची खूण आजही आपण पाहू शकतो. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाताना ख्वाजा महमूद गवान यांचा मदरसा लागतो. बहमनी राज्याच्या या थोर वजिराने १४७२ साली बांधविलेली ही तीन मजली वास्तू. ग्रंथालय, मशीद, व्याख्यानाचे दिवाणखाने आणि विद्यार्थ्यांच्या खोल्या अशी तिची रचना. मोगलांनी या विद्येच्या मंदिरात लष्कर उतरविले आणि दारूचा साठा ठेवला. तो साठा उडाला, आणि दोन मनोऱ्यांपैकी एक मनोरा, दर्शनी बाजूचा बराच भाग व दक्षिणेकडील दालन जमीनदोस्त झाले. उरलेला मनोरा आणि त्यावरील निळ्या-पिवळ्या चिनी फरशांचे अवशेष पाहिले म्हणजे, शाळेच्या इमारतीत दारू साठविणाऱ्याची बुद्धी कशी असेल, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

त्या काळच्या बीदर शहरात तावदाने असलेली घरे नव्हती. आपल्या या भागातील जुने वाडे आणि माळवदाची घरे आठवा. जाड भिंती, लहान झरोका, लाकडी झडपा, लोखंडी गज. दूरवर स्फोट झाला तर झडप उघडेल, फार तर बिजागरी निखळेल. माणसाच्या डोळ्यात खुपण्यासारखे त्यात काही नव्हते. आज मात्र खेड्यातील शाळेच्या नव्या वर्गालाही ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. तालुक्याच्या दवाखान्याला दर्शनी भागी काचेची भिंत असते. उजेड आला, धूळ थांबली, शोभा वाढली, हे सर्व खरे. काचेविरुद्ध माझे काही म्हणणे नाही. पण घरात जी वस्तू आणली तिचा स्वभाव आपणास माहीत असावा.

तो स्वभाव असा. स्फोट होतो तेव्हा हवेत दाबाची एक लाट उठते व चोहोबाजूंस पसरते. जवळ ती प्रचंड असते, पुढे पुढे क्षीण होते. माणसाच्या कानाचा पडदा फाटण्यास सुमारे ३५ किलोपास्कल इतका जादा दाब लागतो. साधी, तीन-चार मिलिमीटर जाडीची खिडकीची काच मात्र एक ते तीन किलोपास्कलच्या आसपासच फुटू लागते. नेहमीच्या हवेच्या दाबात शंभरात एक-दोन भागांची भर पडली की काचेची कसोटी लागते, असा याचा अर्थ. हा दाब ऐकावयास क्षुल्लक वाटतो. परंतु चार फूट रुंद व तीन फूट उंच अशा तावदानावर दोन किलोपास्कल दाब म्हणजे दोन क्विंटलांहून अधिक भार होतो. कलबुर्गीच्या बाजारात तुरीची पोती आपण पाहतो. तशी दोन क्विंटल तूर एका क्षणी त्या काचेवर आदळली, अशी कल्पना करावी. काच वाकत नाही, चेपत नाही. ती फुटते, आणि तिचे सुऱ्यासारखे तुकडे लाटेबरोबर खोलीत शिरतात. लाटेच्या मागोमाग उलट ओढ निर्माण होते, त्यामुळे काही तुकडे बाहेर रस्त्यावरही पडतात.

येथे थोडे गणित सांगतो. शिक्षक मंडळी मला क्षमा करतील. स्फोटात भिंती पाडण्याइतकी शक्ती, समजा, एका फर्लांगापर्यंत पोहोचली आणि काच फोडण्याइतकी शक्ती दहा फर्लांगांपर्यंत गेली, तर दुसरे वर्तुळ पहिल्याच्या दहा पट नव्हे, शंभर पट मोठे होते. त्या शंभर पट क्षेत्रातील घरे उभी असतात, लोक जिवंत असतात, आणि त्यांच्या प्रत्येक खिडकीत काच असते.

दिनांक १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजावर स्फोट झाले. जहाजात सुमारे चौदाशे टन स्फोटके होती, आणि त्यांच्याच शेजारी कापसाच्या गासड्या. दुपारी चारनंतर अर्ध्या तासाच्या अंतराने दोन प्रचंड स्फोट झाले. बारा किलोमीटर दूरच्या खिडक्यांच्या काचा त्यांनी फुटल्या. त्या दिवशी धारातीर्थी पडलेल्या अग्निशामक जवानांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. हे सर्व युद्धकाळातील झाले असे कोणी म्हणेल. तर २६ मे २०१६ आणि पुन्हा २३ मे २०२४ रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत झालेले स्फोट ऐन शांततेच्या काळातील आहेत. दोन्ही वेळी कारखान्याशी काडीचा संबंध नसलेल्या दूरदूरच्या घरांची तावदाने फुटून रहिवासी जखमी झाले.

कॅनडातील हॅलिफॅक्स बंदराची हकीकत तर मुद्दाम सांगण्यासारखी आहे. ६ डिसेंबर १९१७ रोजी सकाळी स्फोटकांनी भरलेले एक जहाज दुसऱ्यावर आदळून पेटले. ते सुमारे वीस मिनिटे जळत होते. गावातील लोक, मुले, बायका आपापल्या घरांच्या खिडक्यांशी उभे राहून ती आग पाहत होते. मग जहाज उडाले. दोन हजारांच्या आसपास माणसे दगावली, हे तर आहेच. परंतु त्यानंतर तेथील बारा नेत्रवैद्यांनी डोळ्यांच्या ५९२ रुग्णांवर उपचार केले आणि २४९ डोळे काढून टाकावे लागले. सोळा जणांचे दोन्ही डोळे गेले. त्यांना पाहण्याची उत्सुकता नडली, असे म्हणणे क्रूरपणाचे होईल, कारण पुढे काय होणार आहे हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

याच्या उलट बाजूचे उदाहरण रशियातील चेल्याबिन्स्कचे. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी सकाळी एक मोठी उल्का तेथील आकाशात फुटली. डोळे दिपविणारा प्रकाश पडला. काय झाले हे पाहावयास लोक खिडक्यांकडे धावले. सुमारे दोन मिनिटांनी दाबाची लाट आली आणि दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, ते बहुतांशी काचांनी. मृत्यू मात्र एकही झाला नाही. तेथील एका प्राथमिक शाळेतील चौथीच्या शिक्षिकेने प्रकाश पाहताच आपल्या ४४ मुलांना बाकांखाली जाण्यास सांगितले. उल्केचे तिला काही ठाऊक नव्हते. काचेने ती स्वतः जखमी झाली. मुलांपैकी एकालाही इजा झाली नाही.

प्रकाश क्षणात येतो आणि लाट मागून येते. ध्वनीला एक किलोमीटर येण्यास सुमारे तीन सेकंद लागतात. भडका तीन किलोमीटरवर असेल तर आपल्या हाती नऊ सेकंद आहेत. नऊ सेकंदांत खिडकीपाशी जाता येते, आणि खिडकीपासून दूर जाऊन खालीही बसता येते.

आता आपल्या भागाकडे वळतो. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडी, चित्तापूर, सेडम, मळखेड हा चुनखडीचा पट्टा. मळखेड ही एके काळची राष्ट्रकूटांची राजधानी. आज तेथे सिमेंटचे कारखाने आणि खाणी आहेत. खाणीत सुरुंग लागतात. ते परवाना घेऊन, नियमाने आणि मोजून लावावयाचे असतात, आणि तसे ते लावले तर दूरच्या गावातील काच बहुधा नुसती खडखडते, फुटत नाही. खडखडाटाने घाबरण्याचे कारण नाही. पण वारंवार काचा तडकत असतील तर त्याची लेखी नोंद तारीख-वेळेसह ठेवून खाण व्यवस्थापनाकडे व खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे कळविणे हा गावाचा हक्क आहे. बीदर व हुमनाबादकडे रसायनांचे व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत. साखर कारखान्यांत बाष्पपात्रे आहेत. दिवाळीच्या तोंडावर फटाक्यांचे साठे होतात. आणि घरोघरी स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर आहे, जे या सर्वांपेक्षा आपल्या अधिक जवळ आहे. युद्धाचा विचारही अगदीच वगळता येत नाही. मे २०२५ मध्ये देशात ठिकठिकाणी नागरी संरक्षणाचे सराव झाले, हे आपणास स्मरत असेल.

१९६५ व १९७१ च्या युद्धकाळात शहरांतून तावदानांवर काळा कागद आणि कागदाच्या फुलीसारख्या पट्ट्या चिकटविल्या जात. ते पाहिलेले काही ज्येष्ठ येथे असतील. काळा कागद उजेड बाहेर जाऊ नये म्हणून होता. पट्ट्या काचेसाठी होत्या. त्यांमागील कल्पना बरोबर होती, साधन दुबळे होते. खळ वाळली की पट्टी सुटे, आणि दोन पट्ट्यांमधील काच मोकळीच राही. त्याच कल्पनेचे आजचे, पुष्कळ सुधारलेले रूप म्हणजे संरक्षक फिल्म. ‘काचसंरक्षक पटल’ असा शब्द कोणी सुचवील, पण दुकानात तो शब्द उच्चारला तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहत राहील. आपण फिल्मच म्हणू.

ही पॉलिएस्टरची पारदर्शक, चिवट फिल्म असते आणि तिच्या एका बाजूस बळकट चिकटद्रव्य असते. ती काचेच्या आतल्या अंगाला, म्हणजे खोलीच्या बाजूने लावतात. कामाला येणारी सर्वांत पातळ फिल्म १०० मायक्रॉनची, म्हणजे लिहिण्याच्या कागदाच्या एका तावाएवढी. मोठ्या काचांसाठी १७५, २०० किंवा ३०० मायक्रॉनच्या जाड फिल्म मिळतात. फिल्ममुळे काच फुटत नाही, असा समज विक्रेते कधी कधी करून देतात. तो खरा नाही. दाब पुरेसा असेल तर काच फुटणारच. फिल्म एवढेच करते की, फुटलेले तुकडे तिला चिकटून राहतात आणि सुटे उडत नाहीत. एवढेच, पण डोळा वाचण्यास ते एवढेच पुष्कळ असते.

येथे एक बारकावा आहे आणि आपल्या शाळा-दवाखान्यांच्या बाबतीत मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. फिल्म बहुधा काचेच्या दिसणाऱ्या भागापुरतीच लावतात. चौकटीच्या खाचेतील कडा मोकळी राहते. मोठा धक्का आला तर तुकडे एकत्र राहतील खरे, पण संपूर्ण तावदान एका पत्र्यासारखे चौकटीतून सुटून आत येईल. चार मिलिमीटरच्या काचेचे वजन चौरस मीटरला दहा किलो. असा पत्रा अंगावर येणे सुट्या सुऱ्यांपेक्षा बरे, तरी बरे म्हणण्यासारखे नव्हे. म्हणून जेथे धोका अधिक तेथे फिल्मच्या कडा चौकटीला बांधून घेतात: एक तर कडेने मजबूत सिलिकोनचा थर भरून, नाही तर फिल्मची कड चौकटीवर घेऊन वरून धातूची पट्टी स्क्रूने आवळून. आता आपली सरकती खिडकी पाहा. तिची झडप पातळ ॲल्युमिनियमच्या रुळात नुसती उभी असते. अशा झडपेला जाड फिल्म पट्टीने आवळली, तर काचेबरोबर झडपच रुळातून निघून येईल. चौकट कमजोर असेल तर आधी चौकट भिंतीत पक्की करावी, मग फिल्मवर पैसा खर्च करावा. याचा उलट क्रम मी काही इमारतींत पाहिला आहे आणि तो सार्वजनिक पैशाचा अपव्यय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बाजारात उन्हासाठी मिळणारी काळी किंवा आरशासारखी फिल्म निराळी. ती बहुधा पातळ असते, आणि उष्णता अडविणे हे तिचे काम. काळी फिल्म उष्णता शोषते. कलबुर्गीच्या उन्हाळ्यात, जेथे पारा चाळिशी सहज ओलांडतो, तेथे काचेचा मधला भाग तापून आणि कडा चौकटीच्या सावलीत थंड राहून काच आपोआप तडकू शकते. तेव्हा संरक्षणासाठी मागावयाची ती स्वच्छ पारदर्शक फिल्म. तिची जाडी मायक्रॉनमध्ये किती, हे देयकावर लिहून घ्यावे. स्फोटाच्या लाटेच्या चाचणीचा दाखला विक्रेत्याकडे मागावा. ‘आयएसओ १६९३३’ किंवा ‘१६९३४’ या मानकांचे नाव त्यात असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दिलेला काळ्या फिल्मबाबतचा निर्णय मोटारींच्या काचांपुरता आहे, इमारतींच्या खिडक्यांशी त्याचा संबंध नाही, हेही सांगून ठेवतो, कारण हा प्रश्न हमखास विचारला जातो.

लावण्याचे काम कौशल्याचे आहे. काच अगदी निर्मळ करून, साबणाच्या पाण्याने भिजवून, रबरी पट्टीने पाणी काढत फिल्म बसवितात. चिकटद्रव्य पूर्ण धरण्यास सुमारे महिना लागतो; तोवर ती घासू नये. खरखरीत काचेवर, म्हणजे न्हाणीघरात लावतात तशा नक्षीच्या काचेवर, खडबडीत अंगाने ती धरत नाही. साधारण दहा वर्षांनी ती बदलावी लागते; कडा सुटू लागल्या, फुगे आले किंवा पिवळेपणा आला म्हणजे मुदत संपली असे समजावे. नव्या इमारतीला मात्र मुळातच दोन काचांमध्ये चिवट थर असलेली लॅमिनेटेड काच बसविणे उत्तम. फिल्म हा असलेल्या काचेवरचा उपाय आहे.

सर्व खिडक्यांना फिल्म लावण्याइतका पैसा कोणत्याही ग्रामपंचायतीकडे नसतो, आणि तशी गरजही नाही. रुग्णालयातील खाटांच्या डोक्याशी असलेल्या खिडक्या, प्रसूतिकक्ष, शस्त्रक्रियागृहाबाहेरील काचेची दारे आणि कारखान्याच्या अथवा खाणीच्या दिशेला तोंड करून असलेले वर्ग यांचा विचार प्रथम व्हावा. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरुत बंदरात २७५० टन अमोनियम नायट्रेटचा स्फोट झाला, तेव्हा जखमींना जेथे न्यावयाचे त्या रुग्णालयांच्याच काचा आणि छते खाटांवर कोसळली होती. दवाखाना बंद पडला की जखमी किती याची मोजदादही होत नाही. म्हणून मी वर्गाच्या आधी दवाखाना म्हटले, आणि शिक्षकांनी त्याचा राग मानू नये.

काही गोष्टींना पैसा लागत नाही. खाट खिडकीखालून हलवून आतल्या भिंतीशी नेणे, लहान मुलांचे बाक काचेपासून दूर मांडणे, हे आजच होण्यासारखे आहे. जाड व खिडकीपेक्षा लांब पडदा ठेवून तो लावलेला असू द्यावा. ब्रिटनमध्ये सरकारी कचेऱ्यांतून फिल्मच्या जोडीला खालच्या कडेत वजन शिवलेले लांब जाळीचे पडदे वापरीत, ते उडालेली काच झेलण्यासाठीच. मोठा भडका दिसला किंवा चमक दिसली की खिडकीकडे जावयाचे नाही. पाठ फिरवून खाली बसावयाचे, चेहरा कोपराच्या घडीत झाकावयाचा आणि पहिल्या आवाजानंतर लगेच उठावयाचे नाही. मुंबईच्या गोदीत दुसरा स्फोट अर्ध्या तासाने झाला होता. या सूचना शाळेच्या फळ्यावर कन्नड आणि मराठी अशा दोन्ही भाषांत लिहिलेल्या असाव्यात. या तालुक्यांत अनेक घरांत एकच भाषा नीट वाचणारी आजी असते आणि दुसरीच वाचणारा नातू. संकटाच्या वेळी कोण घरी असेल हे सांगता येत नाही.

शेवटी दवाखान्यातील बंधुभगिनींसाठी नव्हे, कारण त्यांना हे ठाऊक आहे, तर इतरांसाठी सांगतो. डोळ्यात काच गेली असेल तर डोळा चोळू नये, पाण्याचा जोरदार मारा करू नये, आणि रुतलेला तुकडा ओढून काढू नये. कागदी पेला किंवा वाटी डोळ्यावर न दाबता उपडी धरून ती पट्टीने स्थिर करावी, दुसरा डोळाही झाकावा म्हणजे दोन्ही बुबुळांची हालचाल थांबते, आणि रुग्णास सरळ नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. शरीरात कोठेही खोल रुतलेली काच तशीच ठेवून तिच्या भोवती कापडाचा आधार द्यावा. काच लागली आहे, हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे. अनवाणी मदतीस धावू नये. आपल्याकडे घरात वहाणा काढून ठेवण्याची रीत आहे, तेव्हा रात्री उशापाशी एक जोड ठेवला तर त्यात अमंगळ काही नाही. फिल्म लावलेली काच तडकूनही चौकटीत उभी राहिली असेल तर ती हाताने ढकलून पाहू नये. जाणकार माणूस येईपर्यंत त्या खिडकीखालील जागा दोरी लावून मोकळी ठेवावी.

१०० आणि २०० मायक्रॉन फिल्मचे दोन नमुने मी टेबलावर ठेवले आहेत. ते हाताळून पाहावेत, फाडून पाहण्याचा प्रयत्नही करावा.